नववा प्रश्न

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
कुडचड्याच्या बाजारामागच्या अंगणवाडीत
मी तुळईच्या हुकाला काटा अडकवते.
निळ्या झोळीत एकेक मूल बसतं,
पाय खाली लोंबतात,
काटा थरथरतो, मी श्वास रोखून आकडा वाचते.

मग फॉर्मवरचा नववा प्रश्न :
काल सकाळपासून रात्रीपर्यंत मुलानं काय खाल्लं?

ज्योएलची आजी आदेलीना म्हणते, मी पेज करते गो,
बाजूला करमलाचं लोणचं ठेवते,
पण तो तोंड फिरवतो.
बाप बोटीवर, आई कुवेतला,
दर तीन महिन्यांनी खोकं येतं,
त्यात चॉकलेट, आणि वर चिकटवलेला आईचा फोटो.
आता कुठलं चॉकलेट नि कुठली आई,
त्याला वेगळं सांगता येत नाही.
वजन छान. पुढचे चार दात काळे.

सुगंधा वेळीप डोंगरावरून उतरते,
मुलगी शाबी कडेवर, पायाला लाल माती.
काल काय खाल्लं?
बिस्कीट, ती म्हणते. नूडल्स. पाकिटातल्या.
मी शाबीचे गाल बघते, हात बघते,
ओठाच्या कोपऱ्यात वाळलेली
नाचणीची तिझण बघते.
बघ सुगंधा, म्हणते मी, तिझण चांगली असते.
ती हसते,
मी तिची थट्टा करते आहे असं समजून.

आणि द्यामव्वा.
तिळामळच्या बांधकामावरची तिची गाडी
साडेसहाला सुटते,
आज अर्धा दिवस बुडवून आली आहे.
ती पाठ केल्यासारखं सांगते :
भात. आमटी. भाजी. अंडं.
झोळीतून बसू म्हणतो, चा. उंडो.
आणि परत, कुणी ऐकलं नसेल म्हणून,
मोठ्यानं : उंडो!

खोलीत सगळ्या बायका
आपापल्या चपला बघू लागतात.
बाहेर एक पोदेर भोंपू वाजवत जातो,
त्याला तरी काय माहीत.

मी लिहिते : भात, आमटी, भाजी, अंडं.

कारण खाण बंद झाली त्या वर्षी
आमचा ट्रक दारात उभा होता,
चाकांतून गवत वर आलं होतं,
आणि आई रोज दुपारी
सुक्या बांगड्याचं एकच डोकं तव्यावर टाकायची,
वास शेजारी पोचला की उतरवून ठेवायची,
उद्यासाठी.
शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले,
सुंगटांचं हुमण.
बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.
ते उपकार मी अजून फेडते आहे.

पण ते बाईंच्या मनातच राहिलं होतं.
माझं अंडं मडगावला जाईल,
तिथे त्याची टक्केवारी होईल,
कुणीतरी साहेब म्हणेल,
या केंद्रात अंड्यांची गरज दिसत नाही.

रात्री मुलगा झोपल्यावर
मी वही उघडून खोडरबर घेते.
अंडं पुसते.
परत लिहिते.
परत पुसते, तिथला कागद
लसणीच्या सालीइतका पातळ होतो,
पलीकडच्या पानावरचं
ज्योएलचं वजन त्यातून दिसू लागतं.

खरं काय ते मला रेणुकाकडून कळलं होतं.
बसूची बहीण, आठ वर्षांची,
सकाळी एक उंडो घेते दोघांत,
मऊ भाग चहात बुडवून त्याला,
वरचं कडक कवच तिला.
दुपारी आणखी एक, पैसे असले तर.
त्याला दात कमी ना, बाई, ती म्हणाली होती,
अगदी घरच्या मोठ्या बाईसारखी.

सगळ्या गेल्या तेव्हा ती दारात उभी होती,
बसूची चप्पल राहिली म्हणून परत आलेली.
सहा वर्षांपुढचं मूल
माझ्या काट्यावर येत नाही,
माझ्या वहीत त्याला ओळ नाही.
तिनं रिकाम्या झोळीला एक बोट लावलं,
ती हलली,
काट्यावरची सुई जराशी सरकली
आणि शून्यावर परत आली.
एवढंच बघून
ती चप्पल घेऊन पळाली.